चेहऱ्यावरून वय

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातली रेल्वे सुरू झाली. कसाऱ्याहून इगतपुरीला चढायचं म्हणजे जेमतेम पंधरा किलोमीटरांत सुमारे ३०० मीटरची चढण, आणि कुठे कुठे तर ३७ फुटांमागे एक फूट चढ. त्यासाठी डोंगर तासावा लागला, बोगदे पाडावे लागले. सह्याद्रीच्या पोटातले थर असे उघडे पडले. या दगडाची वर्गवारी विहिरी खोदणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नाही. पहार टणकन मागे फिरली तर काळवत्री. भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेला निघाला तर मांजऱ्या. टिकावाला सुटला तर मुरूम. आणि दोन काळ्या थरांच्या मधोमध तांबडी पट्टी लागली तर तो गेरू. दगड दिसतो कसा आणि फुटतो कसा, एवढ्यावर ही विद्या उभी आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल हे सांगायला ती पुरते. दगड कधीचा, हा प्रश्न ती विचारतच नाही.

तो प्रश्न त्याच वर्षी दुसरीकडे उभा राहिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन पैठणच्या परिसरात गोदावरीच्या दरडी तपासत होते. मुंगी गावाजवळ, चुन्यानं घट्ट सांधलेल्या खडीच्या थरात, त्यांना अकीकाचा एक कपचा मिळाला. एका कडेला धार होती आणि ती पाण्यानं घासून आलेली नव्हती. कुणी तरी दगडावर दगड मारून काढली होती. दोनच वर्षांपूर्वी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं होतं. भारतातही माणूस तितकाच जुना असावा, ही कल्पना तेव्हा अगदी कोरी होती.

कपचा तर मिळाला. पण खडी कधीची? सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ साली या कपच्यावर टिपण छापलं. त्याच्या शीर्षकात गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या या गाळाला त्यांनी ‘प्लायोसीन’ म्हटलं आणि त्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. शास्त्रीय टिपणाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकायला प्रामाणिकपणा लागतो. ते प्रश्नचिन्ह पुढची सव्वाशे वर्षं काही पुरतं पुसलं गेलं नाही.

मुंगीची खडी आणि इगतपुरीचा डोंगर यांचं नातं सरळ आहे. इगतपुरीच्या आग्नेयेला कुलंगचा डोंगर आहे. त्याच्या उत्तर उतारावर दारणा उगम पावते. पश्चिमेकडे पडलेला पाऊस वैतरणेतून अरबी समुद्राला जातो; पूर्वेकडे पडलेला दारणेतून निफाड तालुक्यात गोदावरीला मिळतो आणि पार आंध्रातल्या मुखापाशी बंगालच्या उपसागरात उतरतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. रस्त्यानं ऐंशी किलोमीटर पूर्वेला, निफाडच्या बाजूला, तो ५००-६०० मिलिमीटरवर येतो. म्हणजे पाणी एका मुलखाचं आणि गाळ साठतो दुसऱ्याच मुलखात. घाटमाथ्यावर नदी नुसती कापत जाते. उतार संपला, पात्र पसरलं की हातातलं ओझं टाकायला लागते: आधी गोटे, मग वाळू, मग पोयटा.

निफाडच्या खाली गोदावरीच्या एखाद्या वळणावर उभी दरड पाहावी. तळाला काळा पाषाण, नदीनं घासून गुळगुळीत केलेला. त्यावर हात-दोन हात जाडीची खडी. चुन्यानं अशी जखडलेली की हातोडी मारली तर गोटा फुटेल, पण सुटणार नाही. नीट पाहिलं तर चपटे गोटे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसतात आणि सगळ्यांचा कल वरच्या अंगाला, पाणी जिकडून आलं तिकडे. पूर ओसरताना गोटा असाच टेकतो, कारण या बैठकीत पाणी त्याला सहजी उलटवू शकत नाही. खडीवर वाळूचा थर, आणि त्यात तिरप्या रेघा. नदीच्या तळाशी वाळूची लाट पुढे सरकते, तिच्या पाठीवरून कण घरंगळून पुढच्या उतारावर पडतो, त्याची ती रेघ. वाळूवर फिकट पिवळसर पोयटा, दोन-चार पुरुष उंच, मधेमधे चुनखडीच्या गाठी. आणि सगळ्यांच्या वर काळी जमीन, ज्यात आता द्राक्षाचे मांडव उभे आहेत.

या दरडीचं वय सांगायचा पहिला ठाम आधार मिळाला तो हत्तीमुळे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. तिथल्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीची कवटी सापडली. सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली तिच्यावर लिहिलं. नर्मदेच्या गाळात मिळणाऱ्या ‘एलिफस नामाडिकस’ या प्रचंड हत्तीशी ती जुळत होती. म्हणजे गोदेचा गाळ साधारण नर्मदेच्या गाळाच्या काळातला, प्लायोसीनच्या पुढच्या प्लाइस्टोसीन युगातला. ओल्डहॅम यांच्या प्रश्नचिन्हाला अर्धं उत्तर मिळालं. अर्धंच, कारण प्लाइस्टोसीन लाखो वर्षांचं आहे आणि हत्ती काही तारीख लिहून मरत नाही. आज त्या ठिकाणाला लोक जातात ते पक्षी पाहायला. २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. हत्तीची आठवण तिथे फारशी कुणी काढत नाही.

पुढची मोठी उडी घेतली ती एका पुरातत्त्वज्ञानं. हसमुख धीरजलाल सांकलिया लंडनला शिकले, मॉर्टिमर व्हीलर यांच्याबरोबर मेडन कॅसलच्या उत्खननात राबले आणि १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. त्यांची मूळ बैठक इतिहासाची आणि संस्कृतची. प्रागैतिहास त्यांनी जवळजवळ स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतला, तोही नद्यांच्या काठानं पायी हिंडून. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ गोदावरीच्या खडीत त्यांना हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. बहुतेक काळ्या पाषाणाच्या, म्हणजे घाटमाथ्यावरच्याच दगडाच्या. या हत्यारांवरचं त्यांचं पुस्तक १९५२ साली डेक्कन कॉलेजनं काढलं. त्याआधी १९५०-५१मध्ये नाशिक आणि जोर्वे इथं आणि नंतर १९५४ ते ५६ या काळात प्रवरेकाठी नेवाशाला त्यांनी उत्खनन केलं.

नेवाशाच्या दरडींत सांकलियांना एक शिस्त दिसली. सगळ्यांत खालच्या खडीत मोठमोठ्या हातकुऱ्हाडी. तिच्यावर पोयटा. त्यावर पुन्हा बारीक खडी आणि तिच्यात वेगळीच हत्यारं: जास्पर, चर्ट, अकीक यांच्या कपच्यांपासून केलेली, लहान, नेटकी. हा माल म्हणजे लाव्ह्याच्या भोकांत आणि भेगांत साठलेली गारच, मांजऱ्यातून सुटून नदीत आलेली. या दुसऱ्या जातीच्या हत्यारांना त्यांनी गावाचं नाव दिलं आणि ‘नेवासियन’ हा शब्द जगभरच्या पुस्तकांत गेला. थरांची मांडणी अशी ठरली: पहिली खडी, दुसरी खडी, तिसरी खडी. पहिली आद्य पुराश्मयुगाची, दुसरी मध्य पुराश्मयुगाची, तिसरी त्यानंतरची.

या मांडणीमागे आणखी एक मोठा आराखडा होता. युरोपात हिमयुगं आली-गेली, तर उष्ण देशांत त्या तालावर ओले आणि कोरडे काळ आले असणार, असा तेव्हाचा समज होता. द टेरा आणि पॅटरसन यांनी १९३९ साली हिमालयाच्या पायथ्यापासून नर्मदेपर्यंतच्या थरांची तशी जुळणी मांडली होती. लंडनचे फ्रेडरिक झॉयनर यांनी पुढे गुजरातेतल्या नद्यांवर काम केलं. त्या चौकटीत खडी म्हणजे एक हवामान, पोयटा म्हणजे दुसरं. खडी-पोयटा, खडी-पोयटा अशी आवर्तनं मोजायची की झाला काळाचा जिना तयार. एका नदीवरचा जिना दुसऱ्या नदीवरच्या जिन्याला लावायचा: गोदावरीची पहिली खडी म्हणजे प्रवरेची पहिली खडी, म्हणजे भीमेचीही.

मांडणी देखणी होती, आणि तिनं काम झालं हे नाकारता येणार नाही. १९५०मध्ये या मुलखात वय मोजायचं दुसरं साधन नव्हतं. सांकलियांनी नदीकाठ पायी पालथे घातले नसते तर पुढे वाद घालायलाही काही उरलं नसतं. पण मांडणीत एक गृहीत दडलेलं होतं: एकसारखी दिसणारी खडी एकाच काळातली.

नदीकाठी राहणाऱ्या कोणालाही यातली गोम पटकन कळेल. या वर्षीच्या पुरात सुद्धा नदी एकाच वेळी पात्रात गोटे टाकते, वळणाच्या आतल्या अंगाला वाळूचं बेट उभं करते आणि काठ ओलांडून शेतात पोयटा पसरते. सगळं एकाच श्रावणातलं. शेतकरी त्याला मळई म्हणतो आणि पीक चांगलं येणार म्हणून खूश होतो. त्यातली खडी ‘जुनी’ आणि पोयटा ‘नवा’ असं कुणी म्हणत नाही. आणि पुढच्या वर्षी वळण हातभर सरकलं तर कालच्या वाळूवर आज पोयटा बसतो.

हेच दुसऱ्या भाषेत स्वित्झर्लंडच्या अमांत्स ग्रेसली यांनी १८३८ सालीच सांगून ठेवलं होतं. जुरा पर्वतात एकाच काळातला थर माग काढत चालत जावं तर इथे तो प्रवाळाचा, पुढे चिखलाचा, आणखी पुढे वेगळ्याच शंखांचा. थर तोच, चेहरा बदललेला. त्यांनी त्याला ‘फेशीज’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच चेहरा, रूप. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला ‘संलक्षणी’ हा जड शब्द आहे. ‘रूप’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. १८९४ साली योहानेस वाल्थर यांनी पुढचं पाऊल टाकलं: आज शेजारी-शेजारी असलेली रूपं, नदी किंवा किनारा सरकत गेला की, उद्या एकावर एक बसतात. उभी दरड म्हणजे आडव्या मुलखाचाच उभा केलेला नकाशा. मधे खंड पडला नसेल तरच, ही अट त्यांनीच घातली होती आणि ती बहुतेक जण विसरतात.

नदीच्या गाळासाठी ही भाषा नेमकी व्हायला १९७०चं दशक उजाडलं. कॅनडातले अँड्र्यू मायल यांनी १९७७ साली, जाळीदार पात्राच्या नद्यांच्या गाळावर लिहिताना, प्रत्येक रूपाला दोन अक्षरांचं लघुनाव दिलं. पहिलं अक्षर कण किती मोठा ते सांगतं: जी म्हणजे खडी, एस म्हणजे वाळू, एफ म्हणजे बारीक गाळ. दुसरं अक्षर रचना सांगतं. ‘जीएम’ म्हणजे कौलांसारखे रेललेले किंवा नुसतेच दाटलेले गोटे, ‘एसटी’ म्हणजे पन्हळीसारख्या तिरप्या रेघांची वाळू, ‘एफएल’ म्हणजे पानासारखे पातळ थर असलेला पोयटा. दरडीसमोर उभं राहून वहीत ही अक्षरं खालून वर लिहीत जायची. नदी काय करत होती ते त्यातून उलगडतं. कधी करत होती ते मात्र नाही. वय दुसरीकडून आणायचं. या पद्धतीची खरी शिकवण, तिच्या लघुनावांपेक्षा, या फारकतीत आहे.

महाराष्ट्रातल्या नद्यांवर ही फारकत हळूहळू झाली, आणि ती डेक्कन कॉलेजच्याच अंगणात झाली, सांकलियांच्या डोळ्यांदेखत. जर्मन संशोधक गुडरून कॉर्विनस यांनी १९६६ ते ६९ या काळात नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिर्की इथं उत्खनन केलं. त्यांनी हत्यारांइतकंच लक्ष हत्यारांच्या आसपासच्या दगडांकडे दिलं. तळच्या पाषाणावर कोनेकोपरे शाबूत असलेल्या धोंड्यांचा एक थर होता आणि हातकुऱ्हाडींचा मोठा साठा त्या थरात होता. नदीनं गोल केलेली खडी त्याच्या वर. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच ‘पहिली खडी’ वाटली असती. पण कोनेदार धोंडा लांबून वाहत आलेला नसतो. म्हणजे माणूस तिथेच, काठावरच्या खडकाळ जागेत, बसला होता आणि नदी त्याच्या मागाहून येऊन वर पसरली. गोटा गोल की कोनेदार, एवढ्या एका फरकानं कहाणी पालटली. कॉर्विनस यांचा प्रवरा खोऱ्यावरचा द्विखंडी अहवाल १९८१ आणि १९८३मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरे होते शरद राजगुरू. पुरातत्त्व विभागातले भूवैज्ञानिक. मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या उत्तर प्लाइस्टोसीन काळावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध १९७० सालचा. पुण्याच्या कुशीतल्या या नद्या त्यांनी थराथरानं वाचल्या, आणि ठिकठिकाणची खडी एका जिन्याच्या पायरीवर बसवायला नकार दिला. पुढे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांच्याबरोबर त्यांनी वायव्य दख्खनच्या नद्यांचा हिशेब मांडला आणि १९८७ साली तो ‘नेचर’मध्ये छापून आला. इगतपुरीच्या डोंगरांतून निघणारं पाणी ज्या मुलखातून जातं, तोच हा मुलूख.

त्या निष्कर्षानं जुना जिना उलटा केला. प्लाइस्टोसीनच्या अखेरीस मान्सून अशक्त होता, तेव्हा नद्यांनी आपली दरी गाळानं भरत आणली. त्यानंतरच्या होलोसीन युगाच्या सुरुवातीला मान्सून जोरावर आला, तेव्हा नद्यांनी तोच गाळ खोल कापला. कारण समजायला सोपं आहे. डोंगराळ माती सुटायला झाडोरा विरळ लागतो, आणि सुटलेली माती वाहून न्यायला पाण्याचा दम लागतो. पाऊस कमी झाला की पहिली गोष्ट वाढते, दुसरी घटते. नदी ओझ्याखाली दबते. पाऊस वाढला की झाडी माती धरून ठेवते आणि मोकळं पाणी खाली कापत जातं. म्हणून आज दख्खनच्या नद्या आपल्याच जुन्या गाळात खोल रुतून वाहतात, आणि म्हणूनच आपल्याला उभ्या दरडी पाहायला मिळतात. जमिनीत लपलेलं पुस्तक मान्सूननंच उघडून ठेवलेलं आहे.

याच सुमारास, म्हणजे १९८६ साली, इगतपुरीचं नाव भूविज्ञानाच्या वर्गवारीत कायमचं चढलं; पण वेगळ्याच कारणानं. बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श या पाच जणांनी पश्चिम घाटातल्या लाव्ह्याच्या थरांची मांडणी प्रसिद्ध केली. तळाला जव्हार, त्यावर इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या पाचांना मिळून कळसूबाई उपगट. इगतपुरीचं स्टेशन ज्या काळ्या दगडात आहे त्याचं नाव आज जगभरच्या शोधनिबंधांत ‘इगतपुरी फॉर्मेशन’ असं असतं. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं.

गंमत अशी, की इथे अडचण बरोबर उलटी होती. लाव्ह्याचे थर डोळ्याला इतके सारखे दिसतात की चेहऱ्यावरून त्यांना वेगळं काढताच येईना. अपवाद थोडे. थळ घाटाच्याच नावानं ओळखला जाणारा एक थर आहे, त्यात फेल्डस्पारचे बोटाएवढाले पांढरे स्फटिक काळ्या दगडात आडवेतिडवे रुतलेले दिसतात. तो ओळखायला शाळकरी मूलही चालेल. बाकी ठिकाणी दगडाचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम, झिर्कोनियम मोजावं लागलं, तेव्हा कुठे एक थर दुसऱ्यापासून सुटला. दगडाचा चेहरा एक, रक्त वेगळं. आणि त्याच डोंगरांचे तुकडे नदीकाठी खडी होऊन पडले, तेव्हा चेहरा एक पण काळ वेगळा. एका दशकात, एकाच पाणलोटात, चेहऱ्यानं दोन्हीकडे दगा दिला.

नदीकाठचा सगळ्यांत मोठा वाद मात्र पुणे जिल्ह्यात व्हायचा होता. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी गाव आहे. तिथल्या गाळात १९८०च्या दशकात पांढुरक्या, पिठासारख्या राखेचा थर सापडला. भिंगाखाली पाहिलं तर काचेचे बारीक तुकडे. दख्खनच्या काळ्या लाव्ह्याशी तिचा संबंध नव्हता. राख पार सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची होती, वाऱ्यावर हजारो किलोमीटर उडत आलेली. त्याच गाळात हातकुऱ्हाडी. आणि ज्वालामुखीच्या राखेचं वय मोजता येतं. सव्वाशे वर्षांचं प्रश्नचिन्ह आता मिटणार, असं वाटलं.

पहिलं उत्तर पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं आलं: सुमारे १४ लाख वर्षं. तसं असेल तर बोरीचा माणूस आशियातल्या अगदी जुन्या माणसांत गणायला हवा. १९९५मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं दुसरं उत्तर दिलं: सुमारे ६ लाख ७० हजार. त्याच वर्षी शेन, वेस्टगेट, विल्यम्स आणि कोरीसेट्टर यांनी राखेतल्या काचेचं रसायन तपासून म्हटलं, की ही टोबाच्या सगळ्यांत अलीकडच्या महास्फोटाची राख, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांची. रवी कोरीसेट्टर १४ लाखांच्या बाजूच्या पहिल्या निबंधातही होते. नवा पुरावा आला की आपलंच जुनं मत खोडायला माणूस मोठ्या मनाचा लागतो. ही गोष्ट आकड्यांच्या भांडणात झाकली गेली.

१४ लाख की ७५ हजार? एवढी तफावत उपकरणाच्या चुकीनं पडत नाही. खरा प्रश्न पुन्हा रूपाचाच होता. राख आभाळातून पडली तशीच आहे, की डोंगरउतारावरून धुऊन येऊन नदीनं दुसऱ्यांदा पसरली? आत वाळूचे कण आहेत का, तिरप्या रेघा आहेत का, राखेच्या थराखाली पाण्यानं खरवडल्याची खूण आहे का? जुन्या दगडाचे चार कण राखेत मिसळले तरी वय लाखांनी चढतं. हातकुऱ्हाडीही नदीनं जुन्या गाळातून उपसून नव्या गाळात टाकलेल्या असू शकतात. वय मोजणारं यंत्र कितीही अचूक असो, नमुना कुठल्या रूपातून घेतला हे दरडीसमोर गुडघे टेकून ठरवावं लागतं. काळ्या पाषाणाच्या त्या हातकुऱ्हाडींवरून अभ्यासकांचं एकमत आजही नाही.

दरडींचं पुस्तक तुटक असतं. नदी पानं लिहिते आणि फाडतेही. सलग वही पाहिजे तर नदी जिथे संपते तिथे जावं लागतं. गोदावरी धवलेश्वरमपाशी फाटे फुटून त्रिभुज प्रदेशात शिरते. आर्थर कॉटन यांचा १८५२ साली पुरा झालेला बंधारा तिथेच होता. तिच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागराच्या तळातून, २००६ साली नैसर्गिक वायूच्या हायड्रेटांच्या शोधमोहिमेत गाळाचा एक लांब गाभा काढला गेला. मोहीम ऊर्जेसाठी होती. शास्त्रज्ञांनी त्यातून होलोसीन काळाचा इतिहास काढला. लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्याचा हिशेब छापला. गाळातल्या निओडायमियमच्या समस्थानिकांवरून त्यांनी माती कुठून आली ते ओळखलं, कारण दख्खनच्या लाव्ह्याची खूण आणि पूर्वेकडच्या फार जुन्या खडकांची खूण वेगवेगळी असते. उत्तर होलोसीनमध्ये मान्सून मंदावला तशी मातीची धूप वाढली, आणि पुढे दख्खनवर शेती पसरली तेव्हा ती आणखी वाढली, असं त्यांना आढळलं.

ही शेती करणारी माणसं कोण, हे सांकलियांना १९५०च्या दशकातच ठाऊक होतं. जोर्वे, नाशिक आणि नेवासा इथल्या पांढरीच्या टेकाडांतून, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणारे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी त्यांनीच खणून काढले होते. पहिली-दुसरी-तिसरी खडी मोजणाऱ्या माणसाच्याच हाती दुसरा धागाही होता. फक्त त्याचं दुसरं टोक समुद्राच्या तळाशी गाडलेलं होतं.

आता तो गाळ समुद्रापर्यंत पूर्वीसारखा जात नाही. इगतपुरी तालुक्यात नांदगावजवळ दारणेवर १९१६ साली धरण पुरं झालं. जुन्या कागदांत त्याच्या जलाशयाचं नाव ‘लेक बील’ असं आहे. कुलंगकडून आलेले गोटे आता त्या पाण्याच्या तोंडाशी थांबतात. १८९० साली अमेरिकेतल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी आटलेल्या बॉनव्हिल सरोवराच्या काठाविषयी जे लिहिलं, ते कोणत्याही धरणाच्या शेपटाशी लहान प्रमाणात घडत असतं: वर सपाट पसरलेली खडी, पुढे पाण्यात उतरत गेलेले वाळूचे तिरपे थर, आणि तळाशी आडवा, मऊ चिखल. एक बुटका त्रिभुज प्रदेश, कोणत्याही नकाशात नाव नसलेला.

वैशाखात पाणी मागे सरतं तेव्हा तो उघडा पडतो. शेपटाकडे गोटे, पाय ठेवला की खळखळणारे. जरा पुढे वाळू, तिच्यावर पाण्याच्या लाटांच्या बारीक सुरकुत्या. आणखी खाली चिखल, उन्हानं फाटून षट्कोनी खपल्या झालेला, आणि त्यात म्हशींच्या खुरांचे खोल ठसे. पाण्याच्या कडेनं कुणी गाळपेर केलेली असते. मग एखाद्या दुपारी वळीव येतो, वारा आधी आणि थेंब मागून, आणि वरची वाळू त्या भेगांमध्ये आणि खुरांच्या खड्ड्यांमध्ये उतरायला लागते.